याचा कागद कुठं भेटते?

शाळेचे गणवेश आणायला मी सिंदी मेघेतल्या एका शिवणकेंद्रात गेलो, तेव्हा तिथे मुलाखती चालल्या होत्या. हिंगणीहून आलेली एक तरुणी पदवीची, संगणकाची, टायपिंगची प्रमाणपत्रं टेबलावर मांडत होती. प्रत्येक कागद तळहाताने सपाट करत.

"शिवता येते का?" मालकीणबाईंनी विचारलं.

"नाई येत, ताई."

सकाळपासून बाई हेच उत्तर ऐकत होत्या. तरुणी उठली, पण दारात थबकली.

"ती कोपऱ्यातली मशीन काऊन अशी खडखड करून राह्यली?"

"मेकॅनिक नागपूरहून येईल तेव्हा येईल."

तिने ओढणी कमरेला खोचली, बॉबीनची डबी काढून आत अडकलेला दोऱ्याचा गुंता पिनेने ओढला आणि तेलाचे दोन थेंब सोडले. मशीन सुरळीत चालू लागली.

"कुठं शिकली हे?"

"आई घरी शिवते. मशीन बिघडली की मी पाहतो. पण याचा कागद कुठं भेटते, ताई?"

बाई खळखळून हसल्या. "उद्यापासून येजो. साऱ्या मशिनी तूच पाह्य."

जाहिरातीत बाईंनी शिवणारी मागितली होती, अर्जात तिने संगणक लिहिला होता. खरी गरज आणि खरं कसब दोघींनीही लिहिलंच नव्हतं.

"येतो," ती म्हणाली, "पण रिकाम्या वेळात मले शिवणं शिकवा लागन."