आदी कल्ला दाव

भागीबायला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका गिऱ्हाइकाचा मोबाइल हुंगत होती. बोईसरच्या मासळी बाजारात एक कंपनीवाला पैसे पाठवल्याचं हिरवं चिन्ह तिच्या तोंडासमोर नाचवत होता. शेजारी ठेवलेला स्पीकरचा डबाही पैसे मिळाल्याचं ठणकावून सांगत होता. पण बाई दोघांवरही विश्वास ठेवायला तयार नव्हती. "तो डबा काय बी बोलतो, त्याला कोन इचारतो?" असं म्हणून तिनं त्या माणसाला तिथंच उभं केलं. मुलगी सुनंदा चहा घेऊन येईल, आपल्या मोबाइलमध्ये बघेल, मग पिशवी मिळेल. त्या बिचाऱ्याची शिफ्टची बस त्याच्या डोळ्यांदेखत निघून गेली.

मी तेव्हा बोईसरच्या शाळेत नुकतीच लागले होते. घाटावरची असल्यामुळे मासळीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पापलेट ताजं आहे का, एवढंच विचारलं. तिनं माझ्याकडे कीव करावी तसं पाहिलं. "मला काय इचारतेस, मी नाय बोलेन काय? कल्ला बग," म्हणाली, आणि माशाच्या गालाखालचा पडदा उचलून दाखवला. आत लालभडक. मी मान डोलावून पैसे काढायला लागले, तर हीच म्हणते, "लाल दिसला म्हंजे झाला? रंगवतात पन." मग ओलं बोट त्या कल्ल्यावर घासून माझ्या नाकासमोर धरलं. बोटाला रंग लागला नव्हता. स्वतःच्याच मालावर संशय घेऊन माल विकणारी बाई मी त्याआधी पाहिली नव्हती.

ती माहीमची. केळव्याच्या अलीकडचं माहीम. मुंबईचं समजणाऱ्याला ती फाडून खायची. पहाटे टेम्पोत टोपल्या टाकून पालघरवरून बोईसरला यायची आणि दुपारी परत जायची. मला ती टीचर म्हणायची, पण पहिले कित्येक महिने तिचा माझ्यावरही विश्वास नव्हता, कारण मी भाव करत नसे. भाव न करणारी बाई एक तर येडी असते, नाही तर सरकारनं पाठवलेली, असं तिनं सुनंदाला सांगून ठेवलं होतं. मी कुठल्या गटातली, याचा निकाल तिनं मला शेवटपर्यंत सांगितला नाही.

संशयाचं मूळ मला नंतर कळलं. सुनंदा लहान असताना भागीबायचा नवरा आजारपणात गेला. बोटीत त्याचा एक भागीदार होता. दिवस-कार्याला तो सगळ्यांच्या आधी हजर, आणि तिला म्हणाला होता, वयनी, तुमी आमाला आयेसारक्या. त्या गोड बोलण्यातच त्यानं बोटीतला यांचा वाटा स्वतःच्या नावावर करून घेतला. तेव्हापासून कुणी गोड बोललं की ती डोळे बारीक करून म्हणायची, "आदी कल्ला दाव." डॉक्टरला म्हणायची, मत मागायला आलेल्याला म्हणायची, पाऊस येणार सांगणाऱ्या मोबाइललासुद्धा म्हणायची. दुसरं तिचं ठरलेलं वाक्य होतं, "तोंड बगितल्याबिगर सौदा नाय." फोनवर तिनं कधी मासळीचा भाव सांगितला नाही. समोर या, उभे राहा, मग बोलू.

अशा बाईच्या घरात टीव्हीवरच्या खेळाचा फोन आला. सुनंदा तेव्हा तारापूरच्या एका औषध कंपनीत कंत्राटावर पॅकिंगला होती आणि मनात शिवणाचं दुकान घेऊन फिरत होती. बोईसरला स्वतःचा गाळा, दोन मशिनं, बाहेर पाटी. कंपनीच्या बसमध्ये मैत्रिणींच्या नादानं तिनं त्या खेळासाठी नाव दिलं होतं. निवड झाल्याचं सांगणाऱ्या मुलीला भागीबायनं फोनवर फैलावर घेतलं. लॉटरी लागली म्हणून लोकांना लुबाडणारे तुम्हीच ना, असं विचारलं. खरे असाल तर माहीमला येऊन तोंड दाखवा, म्हणाली. आणि गंमत म्हणजे ते आले. गाडी, कॅमेरा, दिवे घेऊन घराचं चित्रण करायला आले. बाईनं त्यांना बोंबील वाढले आणि जेवताना एकेकाचं तोंड निरखत बसली. ते गेल्यावर मला म्हणाली, टीव्हीवाले खरे हायेत, पन खेल खोटा असेल.

त्याच आठवड्यात दुसरा संशयित उगवला. मनीष नावाचा मुलगा सुनंदाला मागणी घालायला आला. मासवणचा, घरी थोडी शेती, स्वतः तारापूरला ऑपरेटर. दोघं दोन वर्षं एकाच बसनं जात होते, असं सुनंदा म्हणाली. त्याच महिन्यात आपण कायम झालो, म्हणून आता आलो, असं तो म्हणाला. भागीबायनं दोघांचंही ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाजारात कोयता आपटत माझ्यापुढे मन मोकळं केलं. "दोन वरसं तोंड नाय दावला, आन टीव्हीचा फोन आला तसा धावत आला? पैशाचा वास लागला त्याला, टीचर. कल्ला लाल हाय, पन रंगवलेला हाय." मला तो मुलगा चांगला वाटला होता, पण तिच्या शेजारी उभं राहिलं की आपल्याला वाटलेल्या चांगल्याचाही भरवसा वाटेनासा व्हायचा.

चित्रीकरणाला सोबत तिघांना नेता येत होतं. भागीबाय, सुनंदानं हट्ट धरला म्हणून मनीष, आणि मी. मी कशाला? तर तिथले लोक इंग्रजीत काही बोलले तर तिला सांगायला. जाताना गाडीत मनीषनं तिला खेळ समजावून दिला. मंचावर बंद पेट्या असतात. प्रत्येकीत एक चिठ्ठी; कुठं शंभर रुपये, कुठं पंचवीस लाख. सुनंदा एक पेटी आपली म्हणून निवडणार, पण ती उघडायची नाही. बाकीच्या एकेक उघडत जायच्या, म्हणजे आपल्या पेटीत काय नाही ते कळत जातं. मधूनमधून निवेदकाला एका शेठचा फोन येतो. तो शेठ कधी दिसत नाही. तो सुनंदाची बंद पेटी विकत मागतो. भाव पटला तर पैसे घेऊन घरी, नाही पटला तर पुढे खेळायचं.

"शेठला मायीत असतो पेटीत काय हाय?" भागीबायनं विचारलं.

"नाय मावशी. कोनालाच मायीत नसतो. उरलेल्या चिट्ट्या बगून तो भाव लावतो."

"ज्यानं चिट्टी ठेवली त्याला पन मायीत नाय?"

यावर मनीष खिडकीबाहेर बघायला लागला. मीसुद्धा. तिच्या प्रश्नांची अडचणच ही असायची, की ते वेडगळ वाटायचे पण उत्तर सापडायचं नाही.

स्टुडिओत इतका गारठा होता की ती पदर कानावरून घेऊन बसली होती. सुनंदा मंचावर, आम्ही तिघं बाजूच्या खुर्च्यांवर, मनीष आणि मी दोन बाजूंना आणि मध्ये भागीबाय. सुनंदाचं नशीब जोरात होतं. एकेक पेटी उघडत गेली आणि सगळ्या लहान रकमा बाहेर पडत गेल्या. निवेदकानं भागीबायला लाडानं काही विचारलं तर ती म्हणाली, पेटी माज्या हातात द्या, वजन बगते. सगळे हसले. ती गंभीर होती. शेठला समोर आणा, हेही तिनं सांगून पाहिलं. त्यावर आणखी मोठा हशा झाला.

शेवटी दोनच पेट्या राहिल्या. एक सुनंदाची, एक समोरची. एकीत पंचवीस लाख, दुसरीत पाचशे रुपये, आणि कोणत्या पेटीत काय ते कुणाला ठाऊक नाही. फोन वाजला. शेठनं सात लाख देऊ केले.  सुनंदा काही बोलणार, तेवढ्यात फोन परत वाजला. शेठ म्हणतोय, नऊ लाख. मनीष पुढे वाकून म्हणाला, घे सुनंदा. मलाही तेच वाटत होतं. नऊ लाखांत गाळ्याचं निम्म्याहून जास्त काम झालं असतं, बाकीचं कर्ज त्या दोघांनी फेडलं असतं.

सुनंदानं आईकडे पाहिलं.

भागीबाय सरळ होऊन बसली होती. बाजारात एखादं गिऱ्हाईक टोपलीभोवती घुटमळायला लागलं की ती अशी बसायची. तिच्या साऱ्या आयुष्याचा अनुभव असा, की आपण तोंडही उघडलं नाही आणि गिऱ्हाइकानं आपणहून भाव वाढवला, तर त्याला टोपलीतलं काहीतरी आपल्याआधी दिसलेलं असतं. घेणाऱ्याला मालाची खबर नाही आणि तरी तो दोन लाख वाढवतो, हे तिच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. "नको देऊ," ती मोठ्यानं म्हणाली. "त्याला मायीत हाय."

सुनंदानं दिली नाही. पेटी उघडली. आत पाचशे रुपये होते.

लोकांना वाटतं की संशयी माणूस सावध असतो. त्या दिवसापासून मला तसं वाटत नाही. साधा भोळा माणूस नऊ लाख घेऊन, देवाला नारळ फोडून घरी गेला असता. शेठला खरंच काही माहीत नाही, एवढा एकच विश्वास तिला ठेवता आला नाही, आणि म्हणून कुठल्याही जुगाऱ्यानं खेळला नसता असा डाव ती खेळली.

परतीच्या गाडीत सुनंदा खिडकीला डोकं टेकून बसली होती. त्यांनी पेटी बदलली, असं भागीबाय एकदाच पुटपुटली. मनोर सोडून गाडी पालघरच्या रस्त्याला लागली आणि मासवण आलं तसा मनीष उतरला. निरोपाचं काही न बोलता तो अंधारात चालू लागला. भागीबायनं माझ्या हाताला कोपर लावलं. "बगितलास? उतरला. आता नाय येत तो."

मला वाईट वाटलं ते याचं, की त्या क्षणी मलाही ते खरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बाजारात गेले. बातमी तिथं आमच्या आधी पोचली होती. बायका येत होत्या, जाऊ दे गो, नशिबात नव्हतं, पोर तर टीव्हीवर दिसेल, असं गोड गोड बोलून जात होत्या. भागीबाय डोळे बारीक करून ऐकत होती. सुनंदा पाठ फिरवून बर्फ फोडत होती आणि आईशी बोलत नव्हती. एवढ्यात कंपनीच्या निळ्या कपड्यांत मनीष आला. टोपलीसमोर उभा राहिला.

"तुमी चुकलात, मावशी," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मी गाडीत सांगितलेला तुमाला. तुमी कोनावर इश्वास ठेवत नाय म्हनून तिचा गाळा गेला. आन तिला काय पायजे व्हता, ते कोनी इचारला पन नाय."

बाजूच्या बायकांचे कोयते थांबले. भागीबायला असं तोंडावर बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, आता हा मुलगा गेला. पण तो कुठं जायचं नाव घेईना. बोलून झाल्यावर सुनंदाच्या हातातून बर्फाची पाटी घेतली आणि तिला बसायला सांगितलं. भागीबायनं मग टोपलीतलं सगळ्यात मोठं पापलेट उचललं, साफ केलं आणि पिशवीत घालून त्याच्यापुढे धरलं. "घरी ने. आयेला सांग, माहीमला लग्नाची बोलनी करायला ये."

तो गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "गोड नाय बोलला."

लग्न मासवणला झालं. सुनंदाचा राग मात्र लग्नातही पूर्ण गेला नव्हता. तिनं मला नंतर सांगितलं, की त्या दिवशी आईकडे पाहिलं ते विचारायला नव्हे, भीती वाटली म्हणून. आईला ते कळलं नाही. आज ती मासवणला घराच्या पडवीत मशीन चालवते. बोईसरचा गाळा अजून व्हायचाय.

इकडे भागीबायची गोष्ट हळूहळू बदलत गेली. पेटी बदलली हे मागं पडलं. नवीनच ऐकू यायला लागलं: शेठबिठ काही नाही, मी जावयाचा कल्ला बघायलाच नऊ लाख सोडले. पैसे आले असते तर हा पैशासाठी राहिला की पोरीसाठी, हे जन्मात कळलं नसतं. गिऱ्हाइकं हे ऐकून थक्क होत. मला ते इतकं चोख जमलेलं वाटे, की त्यामुळेच पटत नसे. स्टुडिओत मी तिच्या शेजारी होते. तिचे डोळे मनीषकडे नव्हते, फोनकडे होते. एकदा गर्दी नसताना मी तिला म्हटलंच, "भागीबाय, आदी कल्ला दाव."

ती मग अशी हसली की तिचे उरलेले सगळे दात दिसले. "आता शिकलीस, टीचर," म्हणाली. खरं काय ते मात्र सांगितलं नाहीच.

मागच्या वर्षी शाळेत असताना मनीषचा फोन आला. मावशी गेल्या, म्हणाला. सकाळी ओट्यावर जाळं बाजूला सारताना कोसळल्या. मी त्याला विचारलं, तू स्वतः पाहिलंस का, डॉक्टर कोण होता, नीट तपासलं का. तो बिचारा सगळ्याची उत्तरं देत होता. मी फोन ठेवला, पालघर गाठलं आणि तिथून रिक्षानं माहीमला निघाले. रस्ताभर मी मनात चुका शोधत होते. डॉक्टर घाईत असेल, तिला चक्कर आली असेल, एवढ्यात उठून बसली असेल आणि जमलेल्या बायकांच्या रडण्यावर संशय घेत असेल. फोनवरच्या बातमीचं काय खरं, असं मी स्वतःशी म्हणत होते आणि रडत होते.

दारात सुनंदा बसली होती. तिनं मला आत नेलं. बायकांनी वाट करून दिली. मी खाली वाकले आणि तोंड बघितलं. मग विश्वास ठेवला.