पाठीला लागणारा वारा

शेवंताकाकी आमच्या जागेवर पहिल्यांदा आली ती समुद्राकडे पाठ करून बसली. जयगडच्या अलीकडचा कातळाचा उभा उतार, समोर उघडा समुद्र. निवृत्तीनंतर मी तिथे घर बांधलं होतं आणि बागेचा रंगीत आराखडाही काढला होता. गडगे, म्हणजे दगडांचे बांध, रचण्यात काकीचा हात धरणारं खालच्या वाडीत कुणी नव्हतं, म्हणून तिला बोलावलं. आराखड्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. दहा पावलं चढायची, बसायची, पुन्हा चढायची.

"दमलात का काकी?"

"दमायला काय झालं? वारा बघायला नको? पाठीला गार लागला, तिथं झाड नाय लावायचं."

समुद्राकडची करवंदाची जाळी तिने तशीच राखायला लावली. उतारावर आडवे गडगे रचले, त्यांच्यामागे माती भरली. दगडांत ती मुद्दाम फटी ठेवी. सिमेंटने बुजवू का विचारलं तर म्हणाली, "अडवलात तर उडी मारून आत येल. वाऱ्याला दमवायचा."

मग तिने बसून ठरवलेल्या जागी बायकोच्या माहेरच्या आंब्याचं कलम लावलं. मूळ झाड रस्त्याच्या कामात तुटलं होतं. दुसरं कलम मिळणार नव्हतं.

मी मात्र अतिशहाणा. पडवीतून समुद्र दिसावा म्हणून जाळीला दाराएवढं भगदाड पाडलं. ज्येष्ठात खारा वारा तिथून घुसला आणि आठवड्यात कलमाची पानं भाजल्यासारखी काळी पडली. बायको माझ्याशी बोलेना.

काकी चार शिव्या देती तर बरं वाटलं असतं. तिने नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं. "जीव हाय," एवढंच म्हणाली. भर पावसात झावळ्यांचे झाप बांधून आडोसा केला, भगदाडात गडगा रचला. दगड मी वाहिले. जाताना म्हणाली, "भाऊ, समुद्र बघायचा तर खाली उतरावं. त्याला घरात कशाला बोलवता?"

श्रावणाच्या शेवटी कलमाला तांबूस पालवी आली. बायकोही बोलू लागली. काकीने बजावलं, "पयला आंबा माझा."

गेल्या थंडीत ती गेली. या वैशाखात कलमाचे पहिले आंबे तयार झाले. पहिला तिच्या सुनेच्या हातात दिला. घरी येऊन कलमापाशी समुद्राकडे पाठ करून बसलो. वारा सुटला होता, खाली लाटा आपटत होत्या. माझ्या पाठीला काही गार लागलं नाही.