दोघांपैकी एक

११ जून २०२४, मंगळवार. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दारावरची घंटा वाजली.

मी नुकतेच चहाचे आधण ठेवले होते. ओहायोतल्या आमच्या डब्लिन गावात, निदान आमच्या रस्त्यावर, इतक्या सकाळी कोणी कोणाचे दार वाजवत नाही. दार उघडले तर दोन रस्ते पलीकडे राहणारा माझा मित्र आणि त्याची पत्नी उभी होती. मित्र भूलतज्ज्ञ होता, आता माझ्यासारखाच निवृत्त आहे. कपड्यांच्या बाबतीत काटेकोर असलेल्या या माणसाने पायजम्यावरच जाकीट चढवले होते. वहिनींच्या हातात ॲल्युमिनियमचा ट्रे होता आणि त्यावर स्वयंपाकघरातला टॉवेल पांघरलेला होता. टॉवेलखालून लसणाच्या फोडणीचा वास येत होता.

पिठलेभात. आमच्यात ज्या घरी मृत्यू होतो त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही, शेजारी पिठलेभात आणून देतात. सहा वर्षांपूर्वी माझी पत्नी गेली त्या दिवशी याच वहिनींनी असाच ट्रे आणून याच दारात माझ्या हाती दिला होता. त्यामुळे मला वेगळे काही सांगावे लागले नाही. माझ्या घरचे म्हणावे असे एकच माणूस उरले होते, ते म्हणजे माझी मुलगी, आणि ती त्या वेळी नवऱ्याबरोबर ग्रीसच्या किनाऱ्यावर शिडाच्या बोटीत होती.

"मुलगी?" मी विचारले.

"आत चल. बस आधी," मित्र म्हणाला.

"उभ्यानेच सांग."

त्याने पत्नीकडे पाहिले. "नक्की कळलेलं नाही रे. दोघांपैकी एक."

मी बाजूला झालो. ते आत आले. वहिनींनी ट्रे जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि तो तिथे ठेवल्याबरोबर आपण काय केले ते त्यांच्या ध्यानात आले असावे. त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. "भाऊजी, हात आपोआप चालले हो. फोन ठेवला आणि बेसन काढलं. कोण, काय, काही विचारलंच नाही स्वतःला."

मित्राने सांगितले ते असे. माझ्या मुलीने बोट भाड्याने घेताना अडीअडचणीला कळवण्यासाठी माझा नव्हे, त्यांच्या मुलीचा नंबर दिला होता. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. मी रात्री नऊला फोन बंद करतो हे मुलीला ठाऊक असल्याने तिने ते केले, आणि योग्यच केले. पहाटे बोटवाल्या कंपनीचा फोन त्या मैत्रिणीला आला. खाडीत अपघात झाला होता. कोळ्यांनी दोघांना पाण्यातून काढले होते. एकजण इस्पितळात होता, एकजण मरण पावला होता. पोलिसांनी ओळख नक्की केल्याशिवाय नाव सांगता येणार नाही, एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला होता. मैत्रिणीने आईला फोन केला. आईने बेसन काढले.

मी गॅस बंद केला. नंतर फोन चालू केला. काहीही आलेले नव्हते. मुलीचा नंबर लावला तर तिचाच ध्वनिमुद्रित आवाज आला, की निरोप ठेवा. जावयाच्या नंबरावरही तेच झाले. मित्राने कंपनीला फोन लावला. त्यांनी सहानुभूती दाखवली, नाव सांगितले नाही.

या सहलीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. जावई अमेरिकन, कोलंबसमधल्या एका शाळेत विज्ञान शिकवणारा. लहानपणापासून ईरी सरोवरावर शिडाची बोट चालवत आलेला. माझ्या मुलीलाही त्यानेच ते शिकवले. लग्नाला दहा वर्षे झाली म्हणून ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावर दोन आठवडे दोघांनीच बोट न्यायची, रोज नवी खाडी, रोज नवे बंदर, असा बेत होता. मार्चमध्ये माझ्याकडे जेवायला आले असता त्यांनी मलाही बोलावले. बोटीत निजायला तिसरी जागा आहे, असे जावयाने फार गंभीरपणे सांगितले. मी म्हणालो की नवराबायकोच्या सहलीत सासऱ्याला नेण्याची पद्धत तुमच्याकडे असेल, आमच्याकडे नाही. मुलगी घास हातात धरून हसत सुटली. जावयाने थोडा विचार करून सांगितले की त्यांच्याकडेही नाही, पण सुरू करायला हरकत नाही.

तो मला 'सर' म्हणत असे. दहा वर्षांत त्याने ते बदलले नाही आणि मीही बदलायला सांगितले नाही.

मुलगी बोटीवरून छायाचित्रे पाठवी: बंदरातली मांजरे, वाळत घातलेले कपडे, बोटीतल्या इवल्याशा शेगडीवर केलेला उपमा. जावई मात्र मी स्थापत्य अभियंता म्हणून मला वेगळे काही पाठवी. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारा कोणत्या कोनात आहेत, धक्क्याला बोट उलटी लावून मागून कशी बांधतात, वारा बाजूने आला तर नांगरावर किती भार येतो. मी एका ओळीत उत्तर देत असे. आदल्या दिवशी दुपारी त्याने एका खाडीचे छायाचित्र पाठवले होते. पाइनची झाडे थेट पाण्यापर्यंत उतरलेली, बोट मधोमध, आणि बोटीपासून किनाऱ्यावरच्या एका बुंध्यापर्यंत ताणलेला दोर. मी विचारले की नांगर एकच आहे का. त्याने लिहिले की नांगर एक, पण किनाऱ्याला दोर दोन आहेत, सर, निश्चिंत असा. रात्री नऊला मी नेहमीप्रमाणे फोन बंद केला होता.

आता तो टेबलावर, ट्रेच्या शेजारी ठेवला होता आणि आम्ही तिघे त्याच्याकडे पाहत बसलो होतो. वहिनींनी चहा करायचे म्हटले. मी नको म्हणालो. मित्र मधूनमधून म्हणत होता की चांगलाच विचार कर. त्याने आयुष्यभर शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर बसलेल्या नातेवाइकांना हेच सांगितले असणार. पण बोटीत दोघेच होते. मुलगी जिवंत असावी असा विचार करणे म्हणजे दुसरा मेलेला असावा असा विचार करणे. वेगळी वाट नव्हती. मी तो विचार केला, शब्दांत केला, आणि पुन्हा पुन्हा केला.

वहिनींनी विचारले, "विहीणबाईंना कळवलंय का कोणी?"

कोणी कळवले नव्हते. बातमी मैत्रिणीकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे, अशी आमच्याच लोकांत फिरली होती. सात वाजेपर्यंत इथल्या मराठी मंडळातल्या आणखी दोघांचे फोन मित्राला येऊन गेले. जावयाची आई आमच्यापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर एकटी राहते. शाळेची बस चालवत असे, आता निवृत्त आहे. तिला काहीच माहीत नव्हते.

"कळवायला हवं यार," मित्र म्हणाला. "मुलगा आहे तिचा."

"काय सांगू? तुमचा किंवा माझा?"

नक्की कळल्याशिवाय सांगायचे नाही, असे मी ठरवले. मी ज्यात बसलो होतो त्यात तिलाही ओढून आणण्याचे कारण नव्हते.

साडेआठच्या सुमारास फोन वाजला. परदेशातला अनोळखी नंबर. असे फोन मी घेत नाही, हे मित्राला माहीत असल्याने त्यानेच तो उचलून माझ्या हातात कोंबला.

"बाबा, मी आहे."

मुलगी माझ्याशी एरवी इंग्रजीत बोलते. त्या दिवशी ती शेवटपर्यंत मराठीत बोलली. मी काय म्हणालो ते मला आठवत नाही. मित्र सांगतो की मी "बरं" म्हणालो.

तिने सगळे क्रमाने सांगितले. आवाज सपाट होता, दुसऱ्या कोणाचा तरी अहवाल वाचून दाखवावा तसा. पहाटे डोंगरावरून वारा उतरला. नांगर सरकू लागला आणि बोट खडकांकडे ढकलली जाऊ लागली. बाहेर पडण्यासाठी त्यांनी किनाऱ्याचे दोर सोडले आणि इंजिन सुरू केले. सुटलेल्या दोरांपैकी एक पाण्याखाली इंजिनाच्या पंख्यात गुंतला आणि इंजिन बंद पडले. जावई सुरी घेऊन पाण्यात उतरला. त्याने दोर कापलाही. वर येत असता लाटेने उचललेला बोटीचा मागचा भाग त्याच्या डोक्यावर आला. मुलीने उडी मारली. त्याच्या शर्टाची कॉलर धरून तिने त्याचे तोंड पाण्यावर ठेवले. एकटीला त्याला बोटीत चढवता येईना. कोळी येईपर्यंत ती त्याला धरून होती. तो केव्हा गेला ते तिला कळले नाही. तिचे मनगट मोडले होते आणि फोन समुद्रात होता. हा फोन परिचारिकेचा होता.

मग ती म्हणाली, "बाबा, त्याच्या आईला फोन करू नका. तुम्ही जा. पोलीस वकिलातीमार्फत कळवणार आहेत. त्याआधी तुम्ही जा."

"निघालोच," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि दोघांना सांगितले की मुलगी जिवंत आहे, जावई गेला. मित्राने माझा खांदा धरला. वहिनींच्या तोंडून देवाचे नाव निघाले, त्या रडू लागल्या, आणि रडता रडताच पुढे होऊन त्यांनी टेबलावरचा ट्रे उचलला. मी त्यांना दोष देत नाही. या घरावरचे संकट टळले होते, तेव्हा या घरात ते अन्न आता अशुभ होते. त्या दाराकडे वळल्याही.

"वहिनी, तो राहू द्या," मी म्हणालो.

त्या थांबल्या.

"जावई माझ्याच घरचा होता. घरात माणूस गेलंय."

त्यांनी ट्रे परत ठेवला. मी एक ताटली घेतली, उभ्यानेच चार घास खाल्ले आणि गाडीची किल्ली उचलली. मित्र म्हणाला की तू ड्राइव्ह करू नकोस, मी नेतो. मी नकार दिला. असल्या निरोपाला जाताना सोबत माणूस नेला तर दार उघडण्याआधीच सगळे कळते. ते मला त्या सकाळी समजलेले होते.

विहीणबाई घरामागच्या हिरवळीवर गवत कापण्याच्या यंत्रावर बसल्या होत्या. डोक्यावर गवती टोपी होती आणि कानांवर आवाज अडवणारी झाकणे. माझ्याकडे पाहून त्यांनी हात हलवला आणि एवढी ओळ संपवते अशी खूण केली. मी कुंपणाच्या फाटकाशी उभा राहिलो. हाक मारली असती तर यंत्राच्या आवाजात ऐकू गेली नसती, आणि खरे सांगायचे तर ती ओळ त्यांना संपवू द्यावी असे मला वाटले.

ओळ संपली. त्यांनी यंत्र बंद केले आणि कानांवरची झाकणे काढली. त्या हसत होत्या. दहा वर्षांत बोलावल्याशिवाय मी त्यांच्या घरी कधी आलो नव्हतो. हसू चेहऱ्यावर असतानाच ती गोष्ट त्यांच्या लक्षात आली.

"दोघंही?" त्यांनी विचारले.

"नाही. तुमचा मुलगा."

त्या यंत्रावरून उतरल्या नाहीत. हात सुकाणूवर होते ते तसेच राहिले. मग त्यांनी विचारले की ती कशी आहे. मी मनगटाचे सांगितले. तिने त्याला किती वेळ धरून ठेवले होते, तेही सांगितले. त्यांनी मान हलवली. नंतर त्यांनी झाकणे पुन्हा कानांवर चढवली, किल्ली फिरवली, यंत्र वळवले आणि पुढची ओळ कापायला घेतली. मी पाहत राहिलो. ओळ सरळ होती. हिरवळीच्या मध्यावर यंत्र थांबले. त्या उतरल्या आणि माझ्याकडे न पाहता मागच्या दाराने आत गेल्या.

मी त्यांच्या मागोमाग गेलो. त्या स्वयंपाकघराच्या नळाखाली हात धरून उभ्या होत्या, पण नळ सुरू केलेला नव्हता. त्यांच्या थोरल्या मुलीचा नंबर मागून घेऊन मी फोन केला. ती दोन तासांत इंडियानाहून पोहोचली. त्याआधी शेजारीण आली होती, मागून चर्चमधले दोघे आले. अथेन्सची तीन तिकिटे काढली, दुसऱ्या दिवशी दुपारच्या विमानाची: विहीणबाई, त्यांची मुलगी आणि मी. वकिलातीचा फोन चारच्या सुमारास आला. तो मी घेतला आणि कुटुंबाला कळवले आहे असे सांगितले.

संध्याकाळपर्यंत घर त्यांच्या माणसांनी भरले होते. ती माणसे विहीणबाईंना मिठीत घेत होती. ते मला जमत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अर्धी कापलेली हिरवळ दिसत होती आणि तिच्या मध्यावर यंत्र सकाळी सोडले तसेच उभे होते. किल्ली त्यातच होती. विहीणबाई खिडकीशी खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांची नजर तिकडेच लागलेली होती.

मी बाहेर गेलो. कोट कुंपणावर टांगला आणि उरलेले गवत कापले. नंतर यंत्र शेडमध्ये नेऊन उभे केले, त्याला जोडलेल्या पिशवीतले गवत कचऱ्याच्या डब्यात रिकामे केले आणि शेडला कडी लावली.