धरणाखालचा सुरुंगवाला

"बाई, कपबशे खाली काढा. आज सुरुंग आसा."

एवढं सांगून तो पुढच्या घरी जायचा. आमच्या लाटंबार्स्यात डोंगराकडे खडीची खाण होती, तिथे सुरुंग लावायचं काम त्याचं. मूळचा दोडामार्गकडचा. राहायचा भाड्याने, माझ्या शेजारी, गावच्या मातीच्या धरणाखाली. हादऱ्यांनी धरण फुटलं असतं, तर पाणी आधी त्याच्याच खोलीत शिरलं असतं. गाव त्याला शिव्या घालायचं. तो मान डोलवायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा सांगायला यायचा.

सुरुंग उडाला की तो धरणाच्या पायथ्याशी उकिडवा बसायचा. तिथे थोडं पाणी पाझरायचं. पाटबंधारे खात्यातल्या इंजिनिअरबाईंनी त्याला समजावलं होतं, की पाझर नितळ असला तर काळजी नाही. हादरे बसून आत भेगा पडल्या, तर गढूळ येतो. म्हणजे धरणाची मातीच वाहून चालली.

पावसाळा सरला, धरण काठोकाठ होतं, तेव्हा एका सकाळी त्याला पाझर तांबडा दिसला. खाणीचा मालक म्हणाला, डोंगरावरचं पावसाचं पाणी असेल. पाऊस तर केव्हाच थांबला होता. ह्याने इंजिनिअरबाईंना फोन लावला आणि खडकातल्या भोकांत सुरुंगाची दारू भरायला नकार दिला. परवाना त्याच्याच नावावर, त्यामुळे दुसऱ्या कोणाला भरता येईना. मग तो नेहमीसारखा घरोघर फिरला.

"बाई, आज सुरुंग नाय. पोरांक घेवन वर देवळाकडे जावा."

सुरुंग नाही म्हटल्यावर गाव पहिल्यांदा घाबरलं.

इंजिनिअरबाई आल्या. त्यांनी धरणाचं दार उघडून पाणी उतरवलं, पायथ्याला वाळू आणि खडीचे थर घातले. हळूहळू पाझर निवळला. धरणाजवळ सुरुंगांना बंदी आली आणि खाण बंद पडली. त्याचं कामही गेलं. आता गाव त्याला खाण घालवली म्हणून शिव्या देऊ लागलं. तो मान डोलवायचा.

जाण्याच्या दिवशी तो आला आणि माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत राहिला. एक लांब भेग होती.

"जुनी आहे रे. तू यायच्या आधीची," मी म्हटलं.

त्याने भेगेवरून बोट फिरवलं.

"नाय बाई. ही माझी."

पिशवीतून थोडं सिमेंट काढून त्याने ते कालवलं, हातानेच भेग बुजवली, नळावर हात धुतले आणि दोडामार्गची गाडी पकडायला गेला.

पुढे घर रंगवलं, तेव्हा तेवढा पट्टा मी सोडायला सांगितला. रंगाऱ्याला वाटलं, माझे पैसे संपले. त्या सिमेंटवर त्याची बोटं उठली आहेत.