अकरा चाळीसला पृथ्वी फुटली

१७ मे. आकाश कोरं, वारा बंद. दुपारी कूलर चालू असतानाही लॅबमधल्या थर्मामीटरवर एक्केचाळीस.

रोज दोन ओळी लिहायची सवय असली की किस्से जमवावे लागत नाहीत. मागच्या वर्षीचा पहिला पाऊस कधी झाला ते बघायला वही उघडावी, तर भलतंच पान निघतं आणि पावसाचं राहूनच जातं! हल्लीच्या पानांत तर पावसापेक्षा आमच्या विभागातला कॉम्प्युटरच जास्त.

मी सेलूच्या एका कॉलेजात फिजिक्सचा लॅब असिस्टंट. काळे सर विभागप्रमुख. कविता मडावी त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, गाव अल्लीपूरजवळ. पृथ्वीच्या पोटातलं वितळलेलं लोखंड कसं फिरतं, हे कॉम्प्युटरवर काढायचं असा तिचा विषय. पद्धतीचं नाव डायरेक्ट न्यूमेरिकल सिम्युलेशन. आमच्यात नुसतं डीएनएस. हे काम सरांनी आधी केलेलं नव्हतं, तिनंही नव्हतं.

नागपूरच्या विद्यापीठाच्या समितीनं बजावलं होतं, "पुढच्या बैठकीत तुमचा प्रोग्राम बरोबर उत्तर देतो हे दाखवा. नाहीतर विषय बदला." विषय बदलला असता तर तिची दोन वर्षं पाण्यात गेली असती.

*

मी सरांना पहिल्याच दिवशी विचारलं, "सर, यात डायरेक्ट काय आहे?"

"बाकीच्या पद्धतीत मोठे भोवरे मोजतात आणि बारक्यांचा अंदाज बांधतात. इथे अंदाज नाही. बारक्यातला बारका भोवराही मोजायचा."

कविता म्हणाली, "काकाजी, तलाठ्यानं धुऱ्यावर उभं राहून पीक सांगतलं, तसं नाई. वावरात उतरून एकेक बोंड मोजायचं!"

"अख्ख्या पृथ्वीचं?"

सर हसले. "पृथ्वीला जगातला कोणताच कॉम्प्युटर अजून पुरला नाही. आपण कॉम्प्युटरातच द्रवानं भरलेला एक डबा घेऊ. खालून गरम, वरून थंड."

त्या दिवशीची माझी नोंद: "पृथ्वी नंतर. आधी डबा."

*

या कामात वेळेची पावलं फार लहान टाकावी लागतात. सेकंदाचा अगदी बारीक तुकडा, मग पुढचा तुकडा. कविताला घाई होती. तिनं पाऊल दहापट मोठं केलं.

थोडा वेळ बरं चाललं. मग आकडे वाढू लागले. डब्यातला द्रव बंदुकीच्या गोळीसारखा पळायला लागला, त्यानंतर प्रकाशापेक्षा जोरात, आणि शेवटी पडद्यावर आकडेच उरले नाहीत.

"सर! पृथ्वी फुटली!"

शेजारच्या खोलीतून सरांचा शांत आवाज आला, "वानखेडे, वेळ लिहून ठेवा."

मी लिहिली. ११.४०.

*

मग कविताला वाटलं, डब्यात ज्या बिंदूंवर मोजायचं त्यांची जाळी बारीक करावी. लांबी, रुंदी, उंची, तिन्हीकडे दुप्पट बिंदू. "दुप्पट बिंदू म्हंजे दुप्पट वेळ. अर्ध्या दिवसाचं काम एका दिवसात होईल, काकाजी."

सरांनी फळ्यावर लिहून दाखवलं. तिन्हीकडे दुप्पट म्हणजे बिंदू आठपट. जाळी बारीक झाली की पाऊलही निम्मं करायचं, म्हणजे सोळापट. अर्धा दिवस गुणिले सोळा.

"आठ दिवस!" कविता म्हणाली.

"लाईट न जाता," मी म्हणालो.

सातव्या दिवशी लाईट गेली. इन्व्हर्टर चाळीस मिनिटं टिकला. सर धावत आले. "मधे मधे सेव्ह केलं होतं ना?"

कविता खाली बघत राहिली. "नाई सर."

मग ती माझ्याकडे वळली. "काकाजी, तुम्ही रोज काऊन लिहून ठेवता, ते आज समजलं मले."

तेव्हापासून आमचा कॉम्प्युटर दर तासाला आपली स्थिती एका फाईलमध्ये लिहून ठेवतो. त्या फाईलला तिनं माझंच नाव दिलं.

*

एकदा तिचे बाबा आले. खुर्चीत न बसता कॉम्प्युटरसमोर उभे राहिले.

"हे काय करून राह्यलं?"

"द्रव तापवून राह्यलं, बाबा. खालून."

"मंग फिरनच. चुलीवर दाळ नाई फिरत काय?" पडद्याकडे वाकून ते म्हणाले, "पण जाळ केवढा लागते फिरायले? थोड्याशा जाळानं तं नाई फिरत."

काळे सरांनी हातातला डस्टर खाली ठेवला. "कविता, हेच दाखव समितीला!"

पुस्तकात त्या जाळाचा आकडा पक्का आहे. तापमानातला फरक, डब्याची उंची, द्रवाचा दाटपणा असं सगळं मिळून एक संख्या होते. ती १७०८ च्या खाली असली तर द्रव निवांत राहतो. वर गेली की फिरतो. प्रोग्रामनंही हेच दाखवलं, तर तो बरोबर.

*

समितीची दोघं आली. एक मॅडम आणि एक वयस्कर सर. कविताचे छोटे डबे तयार होते, पडद्यावरच्या दोन खिडक्यांत दोन. एकीत १७००, दुसरीत १७२०. दोन्हींना सुरुवातीला सारखाच हलका धक्का दिलेला. दुपारी दोनला तिनं बटण दाबलं.

दोन्ही डबे फिरायला लागले!

अडीचला दोन्ही फिरतच होते. वयस्कर सरांनी चष्मा काढला. "१७०० ला फिरायला नको होतं."

"सर, धक्क्यानं फिरून राह्यलं, थांबेल ते," कविता म्हणाली. "१७०८ च्या जवळ लय हळू थांबते."

"फिरून तर राहिलं ना?"

"सर, तुम्ही चहा घ्या."

काळे सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वही उघडून दोन रकाने आखले आणि दर दहा मिनिटांनी दोन्ही खिडक्यांतला वेग लिहायला लागलो. मॅडम उठून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. चहा आला, संपला. कोणी कॉम्प्युटरला हात लावला नाही. साडेतीनला मॅडमनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि पुढचा आकडा स्वतः लिहिला.

चार वाजून वीस मिनिटं. १७०० चा वेग: दशांशचिन्हापुढे सहा शून्यं, म्हणजे थांबल्यात जमा. १७२० चा वेग: वाढून स्थिर, शेवटच्या चार नोंदी सारख्या. समितीचा शेरा: विषय कायम.