वाळवणाच्या उन्हात आयरिस

भावानं ते पाच गड्डे लष्करी मोज्यात घालून आणले होते. तो काश्मिरात शिपाई होता, दिवाळीच्या सुट्टीवर आलेला. मी लग्न होऊन वर्ष झालेली, भूममधल्या एका मास्तरांची बायको. जोडीचा दुसरा मोजा कुठं गेला, हे मी विचारलं नाही. गड्ड्यांसोबत त्यानं कॅलेंडरातून फाडलेलं एक चित्र दिलं. कमरेइतका दांडा, त्यावर जांभळं फूल. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली लोंबलेल्या, आणि लोंबत्या पाकळ्यांवर चक्क पिवळी दाढी.

"आयरिस म्हणतात ह्याला," तो म्हणाला. "अक्का, नीट ऐक. हे पुरायचं न्हाय. निम्मं मातीत, निम्मं वर. पाठीवर ऊन लागलं पायजे त्येच्या. आन् पाणी बेतानं."

मला हसू आलं. मी ईट गावच्या शेतकऱ्याची लेक. आमच्या मळ्यात विहिरीजवळ हळदीचे दोन वाफे असायचे आणि हळदीचा गड्डा उघडा पडला की आमचे आबा घर डोक्यावर घ्यायचे. हा गड्डा दिसायला थेट हळदीचा थोरला भाऊ. तो उघडा ठेवायचा?

"तू बंदूक धर," मी म्हणाले. "गड्डा कसा लावायचा ते मला नको शिकवू."

तेविसाव्या वर्षी माणसाला जेवढं कळतं तेवढं पुढं आयुष्यात कधीच कळत नाही. मला तर त्याहूनही थोडं जास्तच कळायचं.

आता जागा. घरामागं दिवसभर ऊन राहील अशी जागा एकच होती. बाकीच्या अंगणावर कडुलिंबाची सावली, नाहीतर शेजारच्यांच्या भिंतीची. त्या एवढ्या उन्हाच्या तुकड्यावर आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, वाळवणाच्या खाटा पडायच्या. कुरडया, पापड, सांडगे. वर्षाचं सगळं तिथंच वाळायचं. त्या घरात माझी म्हणावी अशी तोवर एक पत्र्याची पेटी होती, आणि तिच्यावरही आत्यांची गोधडी ठेवलेली असायची. मला ती जागा पाहिजे होती. फूल हे निमित्त होतं, हे मी आता कबूल करते. तेव्हा केलं नसतं.

"आत्या, मागची उन्हाची जागा मला द्याल का?"

"कशाला?"

"फूल लावायचंय."

"खायाचं हाय का?"

"न्हाय. बघायचं."

आत्यांनी चित्र हातात घेऊन लांब धरलं, मग जवळ धरलं. "दाढी हाय की ह्येला! आमच्या मास्तरला अजून धड आली न्हाय." चित्र परत देत म्हणाल्या, "घे. फूल येऊन जाईस्तवर जागा तुझी. पर येणार कवा?"

"गुढीपाडव्याच्या आत," मी ठोकून दिलं.

"झालं तर. माझा शब्द हाय. पाडव्यापातूर न्हाय आलं तर माझ्या खाटा."

मी गड्डे वीतभर खोल पुरले. वर मातीची भर लावली. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा भर लावली. धुणं झालं की उरलेलं पाणी, भांडी झाली की तांब्याभर, आणि संध्याकाळी प्रेमानं एक बादली. तीन गड्डे आतल्या आत सडले. असा वास सुटला की आत्या दोन दिवस कोठीत मेलेला उंदीर शोधत होत्या. मी पण त्यांच्याबरोबर शोधला. जिथून वास येत होता ती जागा सोडून सगळीकडं शोधला.

उरलेल्या दोघांनी मात्र हिरवी पानं काढली, हातपंख्यासारखी पसरट. झालं, माझं विमान वर गेलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी ते चित्रच फिरवलं. वाण हातात घेतलेल्या बायकांना म्हणाले, "पाडव्याच्या आत या सगळ्या. कमरेइतकं येतंय."

शेजारच्या काकू उंचीनं अगदी बेताच्या. त्यांनी विचारलं, "कुणाच्या कमरेइतकं, ते आधी सांग. माझ्या आसंल तर तेवढी मेथीबी येती."

फाल्गुन लागला. पानं होती तेवढीच. दांडा नाही, कळी नाही. काकू रोज भिंतीवरून मान काढायच्या. तेव्हा मी चार काठ्या रोवल्या आणि माझी एक जुनी साडी झाडाभोवती गुंडाळली.

"ह्ये काय गं?" काकूंनी विचारलं.

"कळी आलीय. दिष्ट लागंल."

बोलून गेले ते गेले. संध्याकाळपर्यंत कळीची बातमी बाजारापर्यंत पोचली. मास्तरांनी आडून डोकावून पाहिलं. म्हणाले, "मला तर काही दिसत नाही." मी म्हणाले, "तुम्ही गणिताचे. तुम्हाला नाहीच दिसायची."

एवढं सगळं मला फार हुशारीचं वाटत होतं. कुरडयांचा दिवस आला तोपर्यंत.

तीन दिवस गहू भिजवलेले होते. पहाटे चीक शिजवायला घेतला. तो गरम असतानाच सोऱ्यातून पाडायचा, नाहीतर कुरडई तुटते. माझ्या मनात होतं, आत्या खाटा कुठंतरी लिंबाच्या कडेला टाकतील. पण कडेला ऊन कुठलं? आत्यांनी खाटांना दोर बांधला आणि त्या मास्तरांकडून माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट छपरावर, ओढून घेतल्या. मास्तर शाळेला गेले आणि आत्या स्वतः चिकाचं पातेलं कमरेवर घेऊन शिडी चढू लागल्या. ज्या आत्या त्या हिवाळ्यात मांडी घालून जेवायलाही बसू शकत नव्हत्या, त्या. एकेका पायरीला उजवा गुडघा हातानं उचलून ठेवत होत्या.

"आत्या, मी नेते की!"

"तू तिथंच थांब कळीपाशी. कुणी हातबीत लावंल."

त्या टोमणा मारत नव्हत्या, हेच वाईट होतं. शब्द दिला होता, तो पाळत होत्या. पहिली खेप झाली. दुसरी झाली. तिसऱ्या खेपेला अर्ध्या शिडीवर त्या थांबल्या आणि शिडीला डोकं टेकून नुसत्या उभ्या राहिल्या. पातेल्यातून वाफ निघत होती. मी साडीजवळ उभी, नसलेल्या कळीची राखण करत.

"आत्या, उतरा," मी म्हणाले. "कळी न्हाय."

"काय न्हाय?"

"कळी. न्हवतीच."

आत्यांनी शिडीवरूनच मान वळवली. मग आत्या म्हणाल्या, "मंग साडी कुणाला नेसवलीस?"

उतरल्या. पातेलं माझ्या हातात दिलं, साडी ओढून काढली, खुरप्यानं दोन्ही गड्डे उकरले. त्यातल्या एकाची एक बाजू मऊ पडली होती.

"कसं लावलंस ह्ये?"

"हळदीवाणी."

"आन् भावानं कसं सांगितलं हुतं?"

मी सांगितलं.

"मंग?"

"मला वाटलं, त्याला काय कळतंय."

मला अपेक्षा होती बोलणी बसण्याची. आत्या गड्डा साडीला पुसत म्हणाल्या, "रानात कांदा बघितलास न्हवं? निम्मा वर बसून ऊन खातो. समदंच गाडायचं नसतंय, बाई." मऊ भाग कापून टाकला, त्याच उन्हात भिंतीच्या कडेला खडी-मातीचा उंचवटा करून गड्डे त्यावर नुसते बसवले, बोटानं दाबले, आणि मला पाणी घालू दिलं नाही. मग खाटा खाली आल्या. मला शिक्षा मिळाली ती अशी, की कुरडया वाळेपर्यंत तीन दिवस उन्हात काठी घेऊन बसायचं आणि कावळे हाकायचे.

नेमक्या त्याच तीन दिवसांत बायका फूल बघायला आल्या. माझं तोंड उन्हानं लाल, डोक्यावर ओला टॉवेल.

"कुठंय वं फूल?" काकूंनी विचारलं.

"ह्ये काय, बसलंय," आत्या म्हणाल्या. "बघा कमरेइतकं हाय का."

आत्यांनी खरं कुणालाच सांगितलं नाही. बायका हसून सांडगे चाखून गेल्या.

तिसऱ्या वर्षी आमच्याकडं थंडी जबर पडली, आणि फाल्गुनात दांडा वर आला. यावेळी मी कुणाला बोलले नाही. साडीही नेसवली नाही. पण कळी उमलली त्या सकाळी आत्यांनीच गल्लीतून बोलावणं फिरवलं. आणि मला बजावलं, "फूल जाईस्तवर जागा त्याची. माझा शब्द अजून हाय."

म्हणजे खाटा माळवदावर. त्या वर्षी खाटा मी चढवल्या, चीकही मीच शिजवला, खेपाही मीच केल्या, कुरडयाही मीच पाडल्या. आत्या खाली बसून शिडी धरायच्या आणि चिकात पाणी किती, मीठ किती ते ओरडून सांगायच्या.

बायका आल्या. काकू फुलाशेजारी उभ्या राहिल्या. ते त्यांच्या छातीपर्यंत आलं. "बरं हाय," त्या म्हणाल्या. एकीनं दाढीला बोट लावून पाहिलं. एकीनं विचारलं, देवाला चालतं का. माहीत नाही म्हटल्यावर फुलाचा विषय तिथंच संपला. मग कुणीतरी वर पाहिलं आणि सगळ्या जणी शिडी चढून माळवदावर गेल्या.

मी फुलाजवळ एकटीच उरले. वरून आवाज येत होते. "अगं बया, कसल्या पांढऱ्याशिप्पट! एकबी तुटली न्हाय! कुणी पाडल्या वं?"

फुलाचं भाषण मी तीन वर्षं पाठ करून ठेवलं होतं. ते तिथंच टाकलं आणि धावत शिडी चढले.