पाणबुड्याचं हेल्मेट

गेले चार दिवस माझा मुलगा दोन घास खाऊन उठतो, पण मला त्याच्या जेवणापेक्षा त्याच्या हातांची जास्त काळजी वाटते. हे हात कधी रिकामे नसत. टीव्ही बघतानासुद्धा काहीतरी घासत, तासत, जुळवत असत. आता ते मांडीवर उलटे पडलेले असतात, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. मी झोपायला जाते, दिवा घालवते, आणि डोळ्यांपुढे तेच हात येतात.

तो छत्तीस वर्षांचा आहे. डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवतो. दवाखान्यातून तोंडाचा साचा येतो, हा त्यावर मेणात दात बसवतो, मग ॲक्रिलिकमध्ये कवळी उतरवतो. ज्याच्यासाठी करतो त्याचं तोंड त्याला कधीच दिसत नाही. "आई, आमच्या कामात काम चांगलं झालं की ते कुणाला दिसतच नाही," असं तो म्हणायचा, आणि मला त्याचं कौतुक वाटायचं.

घरी आला की दुसरं वेड. जुन्या ॲक्शन फिगर. मी त्यांना बाहुले म्हणते.

"बाहुले नाहीत गं ते."

"हात-पाय हलतात म्हणून काय त्यांना साहेब म्हणू?"

त्याची मोठी बहीण तर म्हणते, त्या खोलीचे मालक तेच आहेत, हा पोटभाडेकरू.

त्यातला त्याचा सगळ्यात लाडका म्हणजे पाणबुड्या. हा वीतभर उंचीचा, चाळीसेक वर्षांपूर्वीचा. त्याचं तांब्याच्या रंगाचं हेल्मेट डोक्यावरून निघतं, आणि निघतं म्हणूनच ते प्रत्येक घरात हरवलेलं असतं. हेल्मेटसकट पाणबुड्या मिळणं म्हणजे नशीब. आठ-नऊ वर्षांपूर्वी मुलाने एक खरं हेल्मेट उसनं आणलं, त्याचा साचा घेतला आणि कवळीच्या ॲक्रिलिकमधून तसंच दुसरं करून वरून तांब्याचा रंग दिला. मग ओळखीच्या लोकांनी मागितलं तसं देत गेला. वीसेक दिली असतील. एक पैसा घेतला नाही. उघड्या डोक्याचा पाणबुड्या त्याला बघवत नसे, एवढंच. त्यावर खूण मात्र त्याने केली नाही. कवळीवर कोण सही करतं?

मीही त्यात सामील होते. घरी कुणी आलं की दोन हेल्मेटं पुढे ठेवून मी म्हणायचे, "ओळखून दाखवा बरं खरं कुठलं!" कुणालाच ओळखता यायचं नाही. मी फुशारून चहा टाकायला जायचे.

यंदा त्याच्या वाढदिवसाला मी म्हटलं, तुला या छंदातलं एक चांगलं संदर्भाचं पुस्तक घेऊन देते. कुठली फिगर कुठल्या साली निघाली, पाठीवर काय छापलंय, सोबत काय काय मिळायचं, हे सगळं एका जागी असलेलं. त्याला फार आनंद झाला. पण निवडायला त्याने तीन महिने लावले. शेवटी गेल्या शनिवारी मला घेऊनच दुकानात गेला.

दुकानदार मला म्हणाले, "ताई, हे चौथ्यांदा आलेत. आता पुस्तकंच यांना ओळखायला लागलीत."

तीन पुस्तकं काउंटरवर आली. मुलगा एकेक उचलून दारापाशी, उजेडात घेऊन जायचा. दाताचा रंग तो असाच जुळवतो, दिव्याखाली कधीच नाही. पहिलं जाडजूड, किमतींच्या याद्यांनी भरलेलं. ते त्याने लगेच परत ठेवलं. "किंमत छापून होईपर्यंत शिळी होते." दुसरं गुळगुळीत रंगीत कागदाचं, सगळ्या फिगर खोक्यासकट. "हे म्हणजे स्टुडिओतले फोटो. सगळे नटूनथटून बसलेत. मला त्यांची पाठ बघायची आहे." तिसरं पातळ होतं, साधं काळं-पांढरं. त्यात तळपायांवरची अक्षरं, पाठीचे स्क्रू, सांध्यांची चित्रं, सगळं रेषांत काढलेलं. शेवटचं प्रकरण नकली भागांवर.

"हे खरं पुस्तक," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा असा उजळलेला पाहिला.

मी पर्स उघडली. तो शेवटचं प्रकरण चाळत होता. एका पानावर त्याचा अंगठा थांबला. मग त्याने पुस्तक मिटलं.

"आई, दुसरंच घेऊ."

"अरे, आत्ता तर म्हणालास नटूनथटून..."

"घे ना तेच."

दुकानदाराने पुस्तक गुंडाळत मान हलवली. "तीन महिने खल केला, आणि शेवटी फोटोच!"

ते पुस्तक अजून कागदातच आहे. रविवारी तो या फिगर जमवणाऱ्यांच्या ग्रुपच्या भेटीला गेला आणि तासाभरात परतला. विचारलं तर म्हणे डोकं दुखतंय. सोमवारी तो कामावर गेल्यावर मी दुकानात गेले आणि तिसरं पुस्तक घेऊन आले.

शेवटच्या प्रकरणात, पान अठ्ठ्याऐंशी. पाणबुड्याचं हेल्मेट, मोठं करून दाखवलेलं, कडेला खरवडलेलं. खाली लिहिलं होतं: रंगाच्या थराखाली हिरडीसारखा गुलाबी रंग, करणारा अज्ञात, अत्यंत सराईत फसवणूक.

कवळीच्या त्या गुलाबी ॲक्रिलिक भुकटीचे डबे माझ्या सिंकखाली वर्षानुवर्षं होते.

संध्याकाळी मी पुस्तक त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते उघडलंसुद्धा नाही.

"तू कुणाला फसवलंस का?"

"नाही."

"मग ग्रुपमध्ये सांग ना. ती हेल्मेटं मी केली, मैत्रीखातर केली, म्हणावं."

"उशीर झाला आई."

मग हळूहळू बाहेर पडलं. त्यांच्या ग्रुपमध्ये एक घड्याळ दुरुस्त करणारे काका आहेत, सत्तरीला आलेले. याला पहिली फिगर त्यांनीच दिली. दोन वर्षांपूर्वी काकांना हेल्मेटसकट पाणबुड्या मिळाला, कुणाकडून कुणाकडे फिरत आलेला. त्यांनी तो याला दाखवायला दुकानात बोलावून घेतलं. याने बघताक्षणी आपलं काम ओळखलं.

"आणि गप्प बसलास?"

"ते घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून मला दाखवत होते गं. 'बघ, कड बघ कशी आहे,' म्हणत होते. मी काय सांगणार होतो?"

गेल्या महिन्यात काकांनी तो पाणबुड्या ग्रुपमधल्या एका नव्या माणसाला अदलाबदलीत दिला. त्या माणसाकडे हे पुस्तक होतं. रविवारी सगळ्यांसमोर त्याने ब्लेडने हेल्मेटची कड खरवडली. आत गुलाबी. तो काकांना म्हणाला,

"चाळीस वर्षं घड्याळं उघडताय काका, आणि हे तुम्हाला कळलं नाही? का कळूनच माझ्या गळ्यात मारलंत?"

काकांनी आपला पत्र्याचा डबा बंद केला आणि उठून गेले.

"तू कुठे होतास?"

"शेजारीच बसलो होतो. सांगायचंच ठरवून गेलो होतो, आई. शनिवारची रात्रभर वाक्य जुळवलं होतं. तोंड उघडलं, आणि आवाजच फुटला नाही."

मी म्हटलं, मी बोलते काकांशी. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "तू बोललीस तर मी त्यांना पुन्हा तोंड दाखवू शकणार नाही. मला बोलू दे." मी म्हटलं, बरं.

मंगळवार गेला, बुधवार गेला. रोज सकाळी तो बूट घालतो आणि मला वाटतं आज जाईल. रोज लॅबमधून सरळ घरी येतो. लहानपणी याने कुणाची काच फोडली की मी याचं बोट धरून त्यांच्या दारात उभी राहायचे. छत्तीस वर्षांच्या माणसाचं कुठलं बोट धरायचं?

आज दुपारी न राहवून मी काकांच्या दुकानावरून गेले. शटर खाली. शेजारचा शिंपी म्हणाला, "सोमवारपासून उघडलं नाही. लोकांची घड्याळं आत अडकलीत. तब्येत ठीक आहे म्हणतात, पण आता नजरेवर भरवसा राहिला नाही म्हणतात. दुकान द्यायचं म्हणताहेत कुणाला तरी."

त्यांची नजर चुकली नव्हती. माझ्या मुलाचा हात चुकला नव्हता. हे सांगितलं तर ते दुकान उघडतील, आणि हे त्यांना सांगू शकणारी माणसं जगात दोनच आहेत.

घरी येऊन मी मुलाला शिंप्याचं बोलणं सांगितलं. तो ताटावरून उठला, खोलीत गेला, दार लावलं. आत अजून दिवा आहे. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले. कडी वाजवायची हिंमत झाली नाही.

काकांचा नंबर मी शिंप्याकडून घेतला होता, कशाला ते तेव्हा माझं मलाच माहीत नव्हतं. आता ठरवलंय. सकाळी मुलाला सांगेन की नऊ वाजता मी फोन करणार आहे, आधी तुला करायचा असेल तर कर. तो नाही म्हणेल. कदाचित मग माझ्याशीही बोलणं टाकेल. तरी नऊ वाजता मी फोन करणार.